कोल्हापूर शहर : रस्ते व सार्वजनिक परिवहन व्यवस्थापन

कोल्हापूर शहर व परिसरातील रस्ते बांधणे, त्यांची देखभाल करणे आणि त्यांवरून प्रवासी वाहतूक चालवणे ही कामे अनेक शासकीय व निमशासकीय यंत्रणांमध्ये विभागलेली आहेत. शहरातील रस्ते व शहर बससेवा महानगरपालिकेकडे, तालुक्यांना व परजिल्ह्यांना जोडणारी सेवा राज्य परिवहन महामंडळाकडे, राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, बहुतेक ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेकडे आणि शहराच्या पूर्वेकडून जाणारा पुणे–बंगळूर राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या अखत्यारीत येतो. कागलहून शहरात येणारी बस एकाच फेरीत यांपैकी निदान दोन यंत्रणांच्या रस्त्यांवरून धावते, आणि शहराच्या वाहतुकीचे बरेचसे प्रश्न नेमके या हद्दींवर उभे राहतात.

शहर बससेवा. ‘केएमटी’ या नावाने ओळखला जाणारा महापालिकेचा परिवहन उपक्रम १९६२ साली, म्हणजे १९७२ मध्ये महानगरपालिका स्थापन होण्यापूर्वी, नगरपालिकेच्या काळातच सुरू झाला. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार अशा उपक्रमाचे अंदाजपत्रक स्वतंत्र असते. दैनंदिन कारभार परिवहन व्यवस्थापक पाहतो आणि त्यावर परिवहन समितीची देखरेख असते. कागदोपत्री उपक्रम स्वतंत्र असला, तरी तिकीटविक्रीतून इंधन, सुटे भाग व पगार भागत नसल्याने तो महापालिकेच्या अनुदानावर अवलंबून असतो. शहराची हद्द १९७२ पासून वाढलेली नाही. उचगाव, गांधीनगर, वडणगे यांसारखी गावे मात्र शहराला चिकटली आहेत आणि तेथील विद्यार्थी, कामगार, भाजीविक्रेते रोज शहरात येतात. बस त्यांच्यापर्यंत जाते, पण त्यांचा घरफाळा महापालिकेकडे येत नाही. त्यामुळेच ही गावे शहरात घेण्याचा, म्हणजे हद्दवाढीचा, वाद पेटला की तोट्यातील ग्रामीण फेऱ्या बंद करण्याची भाषा सुरू होते. बस बंद झाल्याने गावांचा विरोध मावळत नाही. प्रवासी तेवढे वडापकडे, म्हणजे खासगी प्रवासी वाहनांकडे, वळतात. २०१७ मध्ये शहरालगतच्या ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले, तरी बससेवेचा भार महापालिकेवरच राहिला. केंद्र शासनाने २०२३ मध्ये मंजूर केलेल्या पीएम ई-बस सेवा योजनेत शहराला १०० विजेवरील बस मंजूर झाल्या आहेत. या पद्धतीत बस कंत्राटदाराच्या असतात आणि त्याला धावलेल्या किलोमीटरनुसार रक्कम मिळते. त्यामुळे गाडी रिकामी धावली तरी देणे चुकत नाही, आणि मार्ग व वेळापत्रक ठरवण्याचे काम पूर्वीपेक्षा अधिक जोखमीचे होते.

एसटी, परवाने व भाडे. राज्य परिवहनाच्या कोल्हापूर विभागाचे आगार गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगडपर्यंत पसरलेले आहेत. शहरात रेल्वे स्थानकाजवळचे मध्यवर्ती बसस्थानक (सर्वांच्या तोंडी ‘सीबीएस’), रंकाळा आणि संभाजीनगर ही स्थानके आहेत. परवाने व शहर बसच्या भाडेवाढीस मंजुरी देण्याचे अधिकार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाला आहेत. मार्च २०२३ पासून महिलांना मिळणारी निम्म्या तिकिटाची सवलत एसटीसाठी आहे. महापालिकेच्या बसला ती आपोआप लागू होत नाही. एकाच मार्गावर दोन्ही गाड्या धावत असतील, तर याचा परिणाम केएमटीच्या गल्ल्यावर होतो. चैत्रातील जोतिबा यात्रेत मात्र पंचगंगा घाटावरून जादा गाड्या सोडताना सर्व यंत्रणा एकत्र येतात आणि नियोजन चोख होते. वर्षभर हे का साधू नये, हा रास्त प्रश्न आहे.

रस्ते आणि टोलचा प्रश्न. शहरातील ४९.९९ किमी रस्त्यांच्या विकासाचा सुमारे २२० कोटी रुपयांचा प्रकल्प ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ तत्त्वावर राबवण्यात आला. महापालिका, राज्य रस्ते विकास महामंडळ आणि खासगी कंपनी यांच्यातील त्रिपक्षीय करारानुसार ३० वर्षे टोल आकारला जाणार होता. शहरातल्या शहरात, बाजाराला वा दवाखान्यात जाण्यासाठी टोल भरावा ही कल्पनाच कोल्हापूरकरांना मान्य झाली नाही. प्रा. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे आदींच्या नेतृत्वाखाली सर्वपक्षीय आंदोलन उभे राहिले. ऑक्टोबर २०१३ मध्ये वसुली सुरू झाली, जानेवारी २०१४ मध्ये नाक्यांची जाळपोळ झाली आणि २०१५ च्या अखेरीस शासनाने टोल रद्द केल्याचे जाहीर केले. हा लढा केवळ पैशांचा नव्हता. कामाचा दर्जा आणि करारातील अटी लोकांसमोर मांडल्याच गेल्या नव्हत्या, हा त्यातील मुख्य आक्षेप होता. टोल गेला, पण देखभालीचा खर्च पुन्हा महापालिकेवर आला. पावसाचे पाणी डांबराखाली मुरणे, ऊस हंगामातील भरगच्च ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि जलवाहिन्यांसाठी वारंवार होणारी खुदाई यांमुळे हा खर्च वाढतच जातो. काम पूर्ण झाल्यानंतरच्या ठरावीक मुदतीत (दोषदायित्व कालावधीत) रस्ता दुरुस्त करणे ठेकेदारावर बंधनकारक असते. परंतु तोच रस्ता मध्ये दुसऱ्या कामासाठी खोदला गेला की ही जबाबदारी निश्चित करणे अवघड होते.

शिवाजी पूल. हद्दींच्या गुंत्याचे सर्वांत वेदनादायी उदाहरण पंचगंगेवर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेला हा दगडी पूल रत्नागिरी मार्गाची अवजड वाहतूक पेलत होता. शेजारी पर्यायी पूल उभा राहू लागला, पण जवळची ब्रह्मपुरी टेकडी संरक्षित पुरातत्त्वस्थळ असल्याने आणि कायद्याने अशा स्थळापासून १०० मीटरच्या आत बांधकामास मनाई असल्याने काम अर्धवट थांबले. परवानगीचा पत्रव्यवहार सुरू असतानाच २६ जानेवारी २०१८ च्या रात्री जुन्या पुलाचा कठडा तोडून एक मिनीबस नदीत कोसळली आणि १३ जणांचा मृत्यू झाला. पर्यायी पूल २०१९ मध्ये वाहतुकीस खुला झाला.

पूरकाळातील व्यवस्थापन. पावसाळ्यात वाहतुकीचे निर्णय राजाराम बंधाऱ्यावरील पाणीपातळी पाहून घेतले जातात. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आहे. पाणी चढू लागले की गगनबावडा मार्गावर किरवे-मांडुकली आणि रत्नागिरी मार्गावर केर्ली येथे रस्ता बंद होतो, आणि एसटी आगारांना फेऱ्या रद्द कराव्या लागतात किंवा वळवाव्या लागतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्गही पाण्याखाली गेला. २०१९ मध्ये तो अनेक दिवस बंद राहिल्याने शहरात इंधनाची टंचाई झाली आणि दोन्ही बाजूंना मालवाहू ट्रकांच्या लांबच लांब रांगा लागल्या. त्यानंतर महामार्गाचा भराव पुराच्या पाण्याला अडवतो का, आणि तेथे कमानींचा उड्डाणपूल हवा का, हा प्रश्न ऐरणीवर आला. रस्ता केंद्राचा, नदी राज्याच्या जलसंपदा विभागाकडे आणि पाणी शिरते ती घरे महापालिका व ग्रामपंचायतींच्या हद्दीत असल्याने या प्रश्नाचा निर्णय कोणत्याही एका कार्यालयात होऊ शकत नाही.