ऑक्सिजन सेन्सरमधील वारंवार उद्भवणारा दोष

पेट्रोल व सीएनजी मोटारींच्या एक्झॉस्टमधील ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरचा दोष-कोड (गाडीच्या संगणकाने नोंदलेला दोषाचा क्रमांक) दुरुस्तीनंतर, प्रसंगी सेन्सर बदलल्यानंतरही, पुन्हा नोंदला जाणे व त्याचे मूळ शोधणे. नाशिकच्या गॅरेजांत ही तक्रार ‘चेक लाइट परत लागली’ एवढ्याच शब्दांत येते.

सेन्सरचा इतिहास कोठून धरावा याबाबत मतभेद आहेत. जर्मन रसायनशास्त्रज्ञ वाल्टर नेर्न्स्ट यांचे १८८९ मधील समीकरण हा त्याचा सैद्धांतिक पाया. तापलेले झिर्कोनिया सिरॅमिक ऑक्सिजनचे आयन वाहून नेते, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्याच दिव्यावरील कामातून पुढे आले. त्यामुळे सुरुवात तेथून मानण्याकडेही कल आहे. मोटारीत मात्र बॉशचा सेन्सर प्रथम व्होल्व्होच्या कॅलिफोर्नियासाठीच्या गाड्यांत आला. त्याचे साल कोठे १९७६, तर कोठे १९७७ आढळते. गाड्या १९७६ मध्ये आल्या व त्यांचे मॉडेल-वर्ष १९७७ होते, हे लक्षात घेता हा फरक बहुधा कागदावरचाच असावा. येथे १९७६ ग्राह्य धरले आहे. भारतात बीएस-४ (प्रदूषण-मानक) गाड्यांना एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ ही गाडीतील स्वयं-दोषनिदान प्रणाली लागू झाली. सेन्सरचा दोष ती चालकाला डॅशबोर्डवरील लाइटने दाखवते.

जुन्या पद्धतीचा सेन्सर सुमारे ३५० अंश सेल्सिअसला तापल्यावर नीट काम करतो. त्यासाठी आत हीटर असतो. हवा-इंधन मिश्रण रिच (इंधन जास्त) असेल तर सुमारे ०.९ व्होल्ट, लीन (इंधन कमी) असेल तर ०.१ व्होल्ट, उंबरठा ०.४५ चा. हा विद्युत्दाब धुरातील आणि बाहेरच्या हवेतील ऑक्सिजनच्या तफावतीतून निर्माण होतो. बाहेरची हवा आत येते कशी, हा भाग मात्र दुर्लक्षित राहतो. अनेक चार-वायरी सेन्सरांत ती वायरीच्या इन्सुलेशनमधल्या सूक्ष्म फटींतून येते. कपलर (वायरींचा जोड-प्लग) कापून ‘युनिव्हर्सल’ (कोणत्याही गाडीला चालणारा) सेन्सर जोडताना जॉइंटला सोल्डर मारले वा ग्रीस भरले, की ती वाट बंद होते. वायर अखंड, हीटर चालू, तरी व्होल्टेज हळूहळू खाली येते, ‘लीन’चा कोड पडतो आणि नवा सेन्सरही खराब ठरवला जातो. वारंवारितेची जी कारणे दिली जातात त्यांत या कारणाला आजवर मिळाले त्याहून अधिक वजन द्यावे, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे.

कोड ज्या सर्किटचे नाव घेतो तेथेच दोष असतो असे नाही. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे पॅकिंग फुटले असेल तर सेन्सरच्या आधीच बाहेरची हवा ओढली जाते. इंजिन मिस मारत असेल तर न जळलेला ऑक्सिजन धुरात जातो. दोन्ही वेळा सेन्सर ‘लीन’च सांगतो, आणि ते खरेच सांगतो. काढलेल्या सेन्सरचे टोक पाहून बराच अंदाज येतो : पांढरी पूड सिलिकॉन सीलंटकडे, काळी काजळी रिच मिश्रणाकडे, तेलकट तपकिरी थर ऑइल पिणाऱ्या इंजिनाकडे बोट दाखवतो. कारण तसेच राहिले तर नवा सेन्सरही त्याच वाटेने जातो.

चाचणीस कसाऱ्याचा घाट सोयीचा. इगतपुरीहून गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून उतरताना इंधन तोडले जाते. स्कॅनरवर पुढच्या (कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीच्या) सेन्सरचे व्होल्टेज शून्याजवळ यायला हवे. चढावर पाय दाबला की ०.८ च्या वर जायला हवे. दोन्ही वेळा आकडा ०.४५ लाच अडकून असेल तर वायर तुटली आहे किंवा सेन्सर मेला आहे. अलीकडच्या अनेक गाड्यांतील वाइडबँड सेन्सरला हे आकडे लावू नयेत. त्यांत स्कॅनर लॅम्डा (प्रत्यक्ष व शास्त्रीय हवा-इंधन प्रमाणाचे गुणोत्तर) दाखवतो.

कोड उडवल्यावर लाइट काही दिवस विझलेली राहते, त्याने दुरुस्ती सिद्ध होत नाही. अनेक दोष सलग दोन ड्रायव्हिंग सायकलमध्ये (इंजिन सुरू करून गाडी चालवून बंद करेपर्यंतच्या फेऱ्यांत) दिसल्यावरच लाइट लागते. सिडको ते अंबड अशा छोट्या फेऱ्यांत काही स्वयंचाचण्या पूर्णच होत नाहीत. मुंबई हायवेला गाडी लागली की त्या होतात आणि दोष तेथे ‘उगवतो’. म्हणून कोड उडवण्यापूर्वी फ्रीझ-फ्रेम (दोष नोंदला त्या क्षणीची इंजिनाची आकडेवारी) उतरवून घेणे इष्ट.

बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटमध्ये गॅसवर शिकलेले फ्युएल ट्रिम (इंधनाच्या प्रमाणात संगणकाने केलेली दुरुस्ती) पेट्रोलला लागू होते. शास्त्रीय हवा-इंधन प्रमाण पेट्रोलला सुमारे १४.७, सीएनजीला सुमारे १७.२, किटचे ट्यूनिंग चुकले की पी०१७१ (लीन) वा पी०१७२ (रिच) हे कोड आलटून-पालटून येतात.

डिझेल गाड्यांत मिश्रण बहुतेक वेळ लीनच असल्याने वरील व्होल्टचे ठोकताळे त्यांना लागू पडत नाहीत.