मिथेनॉल फ्युएल सेल : निघाला इंजिन व्हायला, झाला चार्जर

कोल्हापुरात अल्कोहोलवर गाडी म्हटलं की बोलणं थेट कारखान्याच्या डिस्टिलरीवर जातं. पण मळीपासून बनतं ते इथेनॉल, आणि हा फ्युएल सेल, म्हणजे इंधन न जाळता त्यापासून थेट वीज करणारा सेल, मागतो मिथेनॉल. इथेनॉलमधले दोन कार्बन एकमेकांना घट्ट धरून असतात. ८० अंशांच्या आसपास सेलमधल्या प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाला ती जोडी नीट फोडता येत नाही. बरंचसं काम अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडवरच अडतं. मिथेनॉलमध्ये कार्बन एकटा, फोडायला जोडीच नाही.

फ्युएल सेल तसा जुना. विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ मध्ये हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज घेऊन दाखवली. गाडीत अडचण आली ती हायड्रोजन वाहून नेण्याची: ३५० किंवा ७०० बार दाबाची टाकी लागते. मिथेनॉल साध्या टाकीत राहतं आणि लिटरमागे ४.४ युनिट ऊर्जा बाळगतं. डिझेलच्या निम्म्याहून कमी, पण चालण्यासारखी.

पहिली वाट रिफॉर्मरची. मिथेनॉल आणि पाण्याची वाफ तांबे-जस्ताच्या उत्प्रेरकावरून २५० ते ३०० अंशांना न्यायची, हायड्रोजन गाडीतच बनवायचा. अमेरिकेत जॉर्जटाउन विद्यापीठाने १९९४ च्या सुमारास अशा बस चालवल्या. डाइमलर कंपनीची ए-क्लासवर बांधलेली प्रायोगिक गाडी, नेकार ३, आली १९९७ मध्ये. रिफॉर्मरने मागची सीटच खाल्ली, छोटी ए-क्लास दोघांची झाली. नेकार ५ मध्ये तो फ्लोअरखाली गेला आणि २००२ मध्ये ही गाडी सॅन फ्रान्सिस्कोहून वॉशिंग्टनला, ५,००० किलोमीटरहून जास्त, धावली. तरी ती बाजारात आली नाही. रिफॉर्मरच्या वायूत टक्काभर कार्बन मोनॉक्साइड उरतो, आणि ८० अंशांच्या सेलला तो दहा लाखांत दहा भागांपुढे सोसत नाही, प्लॅटिनमवर चिकटून बसतो. म्हणजे शुद्धीकरणाचा आणखी एक टप्पा आला. शिवाय थंड रिफॉर्मर तापायला वेळ घेतो, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी गॅस मागाहून येतो.

दुसरी वाट रिफॉर्मर वगळण्याची. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नासाची जेट प्रपल्शन लॅबोरेटरी आणि दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातले जॉर्ज ओला व जी. के. सूर्य प्रकाश यांनी जुन्या सल्फ्युरिक अ‍ॅसिडऐवजी नॅफिऑन या प्लास्टिकचा पातळ पडदा वापरून मिथेनॉल-पाणी थेट अ‍ॅनोडवर सोडलं. खोट पडद्यातच निघाली: पाण्याबरोबर मिथेनॉलही झिरपून पलीकडे ऑक्सिजनच्या बाजूला, कॅथोडवर जातं, तिथे फुकट जळतं आणि व्होल्टेज पाडतं. म्हणून द्रावण पातळ ठेवावं लागतं, लिटरला सुमारे ४० मिलीलिटर मिथेनॉल. सिद्धांतात १.२ व्होल्ट, हातात ०.४ च्या आसपास. १२ व्होल्टला तीसेक सेल, प्रत्येकावर प्लॅटिनम-रुथेनियमचा जाड थर.

मग सेलची भूमिका बदलली. ऑइल इंजिनांवर वाढलेल्या कोल्हापूरच्या उद्यमनगराला हे सांगायला नको: लोड एकसारखा असला की यंत्र सुखात चालतं. चढउतार बॅटरीने झेलायचे, सेलने तिला शांतपणे भरत राहायचं. जर्मनीची एसएफसी कंपनी मोटारहोमसाठी असे सेल विकते, विजेच्या एका युनिटला ०.९ लिटर मिथेनॉल जातं. १६० अंशांना चालणारे नवे सेल टक्का-दोन टक्के मोनॉक्साइड पचवतात, त्यामुळे रिफॉर्मरही परत आला. जर्मनीतल्या एसेनच्या तलावात २०१७ पासून एक प्रवासी बोट त्यावर चालली.

ई-रिक्षाला १०० वॅटचा सेल लावायचा म्हटलं तर हिशेब असा: बॅटरी ७ युनिटची धरली, तर भरायला ७० तास, म्हणजे जवळजवळ तीन दिवस, आणि ६.३ लिटर मिथेनॉल.

डिस्टिलरीच्या आंबवणीच्या टाकीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड मात्र बराच शुद्ध असतो, आणि त्यापासून मिथेनॉल बनतंही. आइसलँडमध्ये ओला यांच्या नावाच्या प्रकल्पात भूऔष्णिक केंद्राच्या वायूपासून तेच करून दाखवलं गेलं. पण किलोभर मिथेनॉलला ०.१९ किलो हायड्रोजन लागतो, आणि पाण्यातून तो काढायला साधारण १० युनिट वीज. वरच्या हिशेबाने तेच किलोभर मिथेनॉल सेलमध्ये १.४ युनिट परत देतं.