आरोग्य साक्षरता : अमेरिकेतील वृद्ध हिस्पॅनिक रुग्ण

डॉक्टरांचे सांगणे, औषधाच्या बाटलीवरची सूचना, संमतिपत्र, विम्याचे पत्र हे समजून घेऊन प्रकृतीविषयी निर्णय घेता येणे, याला आरोग्य साक्षरता म्हणतात. अमेरिकेत मेक्सिको, प्वेर्तो रिको, क्यूबा वगैरे ठिकाणी मुळे असलेल्या हिस्पॅनिक समाजातील वृद्धांच्या बाबतीत हा प्रश्न बहुतेकदा ‘इंग्रजी येत नाही’ एवढ्यावरच आटोपला जातो. ते अर्धेच खरे आहे.

२००३ च्या राष्ट्रीय प्रौढ साक्षरता पाहणीत ४१ टक्के हिस्पॅनिक प्रौढ आरोग्य साक्षरतेच्या सर्वांत खालच्या पातळीवर आढळले. पासष्टीपुढच्या सर्व अमेरिकनांत हे प्रमाण २९ टक्के होते. मात्र ही परीक्षा इंग्रजीत झाली होती. त्यामुळे भाषा किती आड आली आणि समज किती कमी पडली, हे त्या आकड्यातून वेगळे काढता येत नाही.

त्याआधीचा १९९५ चा अभ्यास म्हणून जास्त बोलका वाटतो. अटलांटा आणि लॉस एंजेलिस परिसरातील दोन सार्वजनिक रुग्णालयांत २,६५९ रुग्णांची परीक्षा ज्याच्या त्याच्या भाषेत घेतली गेली. साठीपुढच्या स्पॅनिशभाषकांपैकी ८२.६ टक्के अपुऱ्या किंवा जेमतेम पातळीवर निघाले, आणि इंग्रजीभाषक वृद्धांपैकी ८१.३ टक्के. दोघांत फरक जवळजवळ नाहीच. सर्व वयांचे रुग्ण धरले तरी ‘औषध अनशापोटी घ्या’ ही सूचना ४१.६ टक्के लोकांना उमगली नाही. म्हणजे कागद नुसता स्पॅनिशमध्ये छापून भागत नाही.

मोजमापातही एक गंमत आहे. इंग्रजीत वैद्यकीय शब्द मोठ्याने वाचायला लावून साक्षरतेचा अंदाज घेतात, कारण अनोळखी इंग्रजी शब्दाचा उच्चार स्पेलिंगवरून सांगता येत नाही. स्पॅनिश बरीचशी लिहिल्याप्रमाणे वाचली जाते, त्यामुळे अर्थ ठाऊक नसलेला शब्दही आजोबा खणखणीत वाचून दाखवतात. (देवनागरी वाचणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको, ‘स्वादुपिंड’ कोणीही वाचेल.) म्हणून २००६ मध्ये आलेल्या पन्नास शब्दांच्या स्पॅनिश चाचणीत शब्द वाचून झाल्यावर त्याच्याशी संबंधित शब्द निवडायला सांगतात.

औषधाच्या लेबलावर भाषांची सरमिसळ झाली, तर ती थेट जिवावर बेतू शकते. इंग्रजीत ‘वन्स’ म्हणजे एकदा. तीच अक्षरे स्पॅनिशमध्ये ‘ओन्से’ वाचली जातात आणि त्याचा अर्थ होतो अकरा. रक्तदाबाची गोळी दिवसातून एकदा की अकरा, हे लेबल अर्धवट भाषांतरित झाल्यास वाचणाऱ्याच्या नशिबावर सोडले जाते.

दवाखान्यातल्या वागणुकीचाही यात वाटा आहे. ‘रेस्पेतो’, म्हणजे मोठ्या माणसाचा आणि जाणकाराचा मान राखणे, हा संस्कार मुरलेली आजी डॉक्टरांना उलट प्रश्न विचारत नाही. ‘सी, दोक्तोर’ म्हणून मान डोलावते. मधुमेहाला घरी ‘आसूकार’, म्हणजे साखर, म्हणतात. (आपल्याकडेही ‘त्यांना शुगर आहे’ असेच म्हणतात.) तो आजार मोठ्या धसक्याने, ‘सुस्तो’ने जडतो, अशी समजूत मेक्सिकन कुटुंबांत आढळते. धसका लागलाच नसेल तर साखर कशी, असे वाटणाऱ्या रुग्णापुढे डॉक्टरचे इन्सुलिनवरचे व्याख्यान वाया जाते. सोबत आलेली मुलगी किंवा नात दुभाषी होते आणि वाईट बातमी गाळून सांगते.

यावर चांगला उतरलेला उपाय साधा आहे. ‘समजलं का?’ असे न विचारता ‘घरी गेल्यावर ही गोळी कधी घ्यायची म्हणून सांगाल?’ असे विचारायचे आणि उत्तर चुकले तर आपलेच सांगणे बदलायचे. वस्तीतल्याच प्रशिक्षित बायका, ‘प्रोमोतोरा’, हेच काम स्वयंपाकघरात बसून करतात.

कायद्याचा आधार मुख्यतः १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचा आणि २०१० च्या आरोग्यसेवा कायद्यातील कलम १५५७ चा. सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयाने इंग्रजी न येणाऱ्यांची भाषेची सोय करावी, असे ही दोन्ही सांगतात. २००० मध्ये क्लिंटन यांनी काढलेला याच विषयावरचा आदेश मार्च २०२५ मध्ये रद्द झाला. दोन्ही कायदे मात्र तसेच आहेत.