पुट स्प्रेडमध्ये घर बुडत नाही
दांडिया बाजारातल्या आमच्या कट्ट्यावर वर्षानुवर्षं ऐकतोय, ‘पुट विकला की तोट्याला तळ नाही.’ पुट म्हणजे ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या भावाला फंड किंवा शेअर विकण्याचा हक्क; तो आपण विकला, तर समोरच्याकडून त्या भावाला घेणं आपल्यावर येतं. न्यू जर्सीतल्या भाच्याने अमेरिकी रिअल इस्टेट फंडावर, आयवायआरवर, पुट स्प्रेड घेतला (म्हणजे एक पुट घेऊन त्याहून खालच्या भावाचा दुसरा विकला), तेव्हा कट्ट्यावरच्या काकांची झोपच उडाली. आता हिशेब बघा. समजा, ९० डॉलरचा पुट ३ डॉलरला घेतला, त्याच मुदतीचा ८५ चा १ डॉलरला विकला. खर्च २, म्हणजे शंभर युनिटांचे २०० डॉलर. मुदतीला फंड ९० च्या वर राहिला, तर तेवढेच जातात (दलाली वेगळी). ८८ ला बरोबरी. ८५ च्या खाली कितीही कोसळला तरी नफा ३०० च, कारण विकलेल्या पुटचं देणं घेतलेला पुट भागवतो. खरी जोखीम वेगळीच: विकलेला पुट मुदतीआधीही अंगावर येऊ शकतो, म्हणजे समोरचा हक्क वापरून ८५ ला फंड आपल्याला घ्यायला लावू शकतो. म्हणून घेतलेला पुट आधी विकून बसू नका.