तात्या टोपे की तंट्या भिल्ल?

दोघांनी मध्य भारताच्या जंगलात इंग्रजांची दमछाक केली, दोघांना जवळच्याच माणसाने दगा दिला आणि दोघेही फासावर गेले. त्यात इंग्रजी कागदांत दोघेही 'टांटिया'. तिथून नाव मराठीत परत आणताना 'तंट्या टोपे' नावाचा तिसराच माणूस तयार होतो!

तात्या म्हणजे रामचंद्र पांडुरंग, मूळचे येवल्याचे, पेशव्यांच्या पदरी बिठूरला वाढलेले. ते फौजेचे सेनापती. नोव्हेंबर १८५७ मध्ये त्यांनी कानपूरला जनरल विंडहॅमला मागे रेटलं. पण मैदानी लढाई त्यांना फारशी लाभली नाही. १ एप्रिल १८५८ ला झाशीच्या मदतीला आलेली त्यांची सुमारे २० हजारांची फौज बेतवाकाठी इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या जेमतेम दीड हजारांपुढे मोडली. पहिली फळी फुटलेली पाहून मागच्या फळीने जंगल पेटवून दिलं आणि धुराआडून माघार घेतली. इंग्रजांना त्यांची खरी धास्ती बसली ती जून १८५८ मध्ये ग्वाल्हेर हातचं गेल्यावर. तोफांचं ओझं नाही, त्यामुळे वेग वाढला. ऑक्टोबरअखेर ते नर्मदा ओलांडून आले, तेव्हा पेशव्यांचा माणूस दख्खनेत पोचतोय या विचारानेच इंग्रज हादरले. मात्र दक्षिणेतून साथ मिळाली नाही आणि त्यांना परत फिरावं लागलं. ७ एप्रिल १८५९ ला नरवरच्या मानसिंगाने त्यांना पाडोणच्या जंगलात पकडून दिलं.

निमाडच्या तंट्याकडे फौज नव्हती, टोळी होती. १८७८ मध्ये तो खंडव्याच्या तुरुंगातून निसटला आणि पुढची ११ वर्षं सावकारांना लुटत, गरिबांना वाटत फिरला. इंग्रजी मुलूख, होळकरांची हद्द, खानदेश अशा सीमा तो ओलांडत राही. गावं त्याला 'मामा' म्हणत. ११ ऑगस्ट १८८९ ला, राखीच्या दिवशी, मानलेल्या बहिणीच्या नवऱ्याने, गणपतने, घात केला.

कागदावर नुसतं 'टांटिया' असेल तर आधी साल बघा, मग कोर्ट. तात्यांवर शिप्रीत (आजची शिवपुरी) लष्करी न्यायालयात बंडाचा आरोप होता. आपण पेशव्यांचा हुकूम पाळला, हा त्यांचा जबाब. १८ एप्रिल १८५९ ला फाशी झाली. तंट्याचा खटला जबलपूरच्या सेशन्स कोर्टात चालला, फाशी ४ डिसेंबर १८८९. तात्यांनी त्याला गनिमी कावा शिकवला असं वाचायला मिळतं. पण तात्या गेले तेव्हा तंट्या जेमतेम सतराचा असेल.

फासावर तात्या नव्हे, दुसराच कोणी चढला, अशी वदंता पुढे बरीच वर्षं टिकली. तंट्याचा देह इंदूरजवळच्या पाताळपाणी स्टेशनजवळ टाकल्याचं सांगतात. तिथे त्याचं देऊळ आहे आणि रेल्वेगाड्या क्षणभर थांबत आल्या आहेत.