क्लाऊनफिश आणि त्याचं समुद्रफुलातलं घर

क्लाऊनफिश म्हणजे तोच नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा मासा, पोरं ज्याला सरळ निमो म्हणतात. पुस्तकात 'विदूषक मासा' लिहिलेलं असतं पण बोलताना कोणी म्हणत नाही. याच्या साधारण ३० जाती, सगळ्या हिंदी आणि प्रशांत महासागरातल्या, अटलांटिकमध्ये एकही नाही. तीन पट्ट्यांचा ओसेलॅरिस आपल्याकडे अंदमानला दिसतो.

राहतो समुद्रफुलात, म्हणजे सी ॲनिमोनमध्ये. नावाला फूल, पण आहे प्राणी, खडकाला चिकटून बसतो आणि त्याच्या त्या झुलणाऱ्या बोटांवर दंशपेशी असतात, दुसरा छोटा मासा टेकला की लुळाच पडतो. क्लाऊनफिशला वाचवतो तो त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर. तरी नवीन फुलात हा धाडकन घुसत नाही, आधी शेपटी लावून बघणार, मग पोट घासणार, असं करत करत कधी कधी तास न् तास जातात. आणि हजाराच्या वर जाती असताना याला चालतात जेमतेम दहा.

भाडंही भरतो बरं का. याच्या मलमूत्रातला अमोनिया फुलाच्या अंगातल्या शेवाळाला खत म्हणून मिळतो, आणि ती बोटं कुरतडायला येणाऱ्या बटरफ्लायफिशला हा अंगावर जाऊन हाकलतो.

पण खरी गंमत घरातली. सगळ्यात मोठी ती मादी, हुकूम तिचाच, तिच्याखाली एक नर, आणि बाकीचे बारके नुसते नंबर लावून बसलेले, वरच्यापेक्षा मोठं व्हायचं नाही नाहीतर घराबाहेर. मादी मेली की तो नरच मादी होतो आणि रांगेतला पुढचा नर. उलटं मात्र होत नाही.

अंडी फुलाच्या बुडाशी, खडक तोंडाने साफ करून घालतात. राखायचं काम बहुतेक बापाचं, परांनी वारा घालत राहतो, खराब झालेली खाऊन टाकतो. सुरुवातीला नारिंगी असतात, मग आत चंदेरी डोळे दिसायला लागतात, आणि आठवडाभरात अंधार पडल्यावर फुटतात.

शौकिनांच्या टँकसाठी हे मासे समुद्रातून खूप उचलले जातात, म्हणून आता हॅचरीत पैदास करतात, आपल्या ऐरोलीलाही केली आहे. तिथे समुद्रफूल नसलं तरी अडत नाही, जोडी साध्या मातीच्या कुंडीतही अंडी घालते.