विचारनिग्रह (ख्रिस्ती मठपरंपरा)

मनात अनाहूत येणारे, प्रार्थनेत व्यत्यय आणणारे विचार ओळखून त्यांना आवर घालण्याची ही साधना चौथ्या शतकात ईजिप्तच्या वाळवंटातील ख्रिस्ती संन्याशांनी घडवली. अशा विचारांना ते ग्रीक भाषेत ‘लोगिस्मोई’ म्हणत. शब्दाचा अर्थ नुसता ‘विचार’ एवढाच. पण या मंडळींच्या बोलण्यात त्याला बहुधा ‘भुलवणारा विचार’ अशी छटा असे.

साधनेची पद्धतशीर मांडणी एव्हाग्रिअस पाँटिकस (सु. ३४५–३९९) याने केली. पाँटस प्रांतात जन्मलेला हा विद्वान कॉन्स्टँटिनोपलच्या चर्चमध्ये डीकन, म्हणजे धर्मगुरूच्या खालच्या पदावरील सेवक, होता. तेथे एका विवाहित स्त्रीच्या मोहात सापडल्यावर त्याने शहर सोडले, जेरूसलेममध्ये काही काळ काढला आणि अखेरीस नाईलच्या मुखप्रदेशाजवळील नित्रिया व केलिया येथील संन्याशांत तो मरेपर्यंत राहिला. त्याने मुख्य विचार आठ मानले : खादाडपणा, कामवासना, द्रव्यलोभ, खिन्नता, क्रोध, अकेदिया, कीर्तीची हाव आणि गर्व. हे विचार मनात यावेत की येऊ नयेत हे माणसाच्या हाती नाही. ते रेंगाळू द्यायचे की नाही, त्यांतून विकार चेतू द्यायचा की नाही, हे मात्र त्याच्या हाती आहे, असे तो म्हणतो. संपूर्ण साधना या एका भेदावर उभी आहे. याच वाळवंटातील एक वडीलधारे संन्यासी आब्बा (म्हणजे ‘पिता’) पीमेन यांच्याविषयीची आठवणही हेच सांगते. विचारांनी हैराण झालेल्या एका शिष्याला त्यांनी बाहेर नेले आणि वारा अंगरख्यात धरून ठेवायला सांगितले. ते जमत नाही म्हटल्यावर ते म्हणाले, की विचारांचे येणेही तुला थोपवता येणार नाही. त्यांना विरोध करणे तेवढे तुझे काम.

आठांपैकी अकेदियाचे, म्हणजे साधनेविषयी वाटणाऱ्या मरगळीचे आणि उबगाचे, वर्णन सर्वांत जिवंत उतरले आहे. बायबलमधील स्तोत्रसंहितेच्या ९१व्या स्तोत्रातील भर दुपारच्या अरिष्टाशी त्याची सांगड घालून एव्हाग्रिअस त्याला ‘दुपारचा पिशाच’ म्हणतो. सकाळी दहाच्या सुमारास तो येतो आणि दोनपर्यंत मुक्काम ठोकतो. दिवस पन्नास तासांचा वाटू लागतो. संन्यासी पुनःपुन्हा खिडकीकडे पाहतो, जेवणाची वेळ व्हायला अजून किती अवकाश आहे म्हणून सूर्य न्याहाळतो, कोणी बंधू भेटायला येतो आहे का ते पाहतो आणि मग ही जागाच आपल्याला मानवत नाही, असे त्याला वाटू लागते. लिहिणाऱ्याने त्या खिडकीतून स्वतः बरेचदा पाहिले असावे, इतके हे वर्णन नेमके आहे.

यावरचे उपाय साधे होते. खोली सोडायची नाही, दोर वळण्यासारखे हाताला काम ठेवायचे, मनातला विचार वडीलधाऱ्या गुरूपुढे उघड बोलायचा आणि त्याला शास्त्रवचनाने उत्तर द्यायचे. शेवटच्या उपायाला आधार येशूचाच होता : मत्तयाच्या शुभवर्तमानात सैतानाच्या तिन्ही मोहांना तो बायबलच्या जुन्या करारातील ‘अनुवाद’ नावाच्या ग्रंथातील वचनांनी उत्तर देतो. एव्हाग्रिअसने ‘अँटिर्‍हेटिकोस’ या ग्रंथात आठ विचारांसाठी आठ भाग करून सुमारे ५०० वचने जुळवून दिली. मूळ ग्रीक ग्रंथ नष्ट झाला. सिरियाक व आर्मेनियन भाषांतरे उरली.

हीच शिकवण जॉन कॅसियन या संन्याशाने लॅटिन जगात, म्हणजे पश्चिमेकडील चर्चमध्ये, नेली. त्याने प्रत्येक विचारासाठी वेगळे वचन देण्यापेक्षा ‘देवा, माझ्या साहाय्यास धावून ये’ या अर्थाची ७०व्या स्तोत्रातील एकच ओळ सतत घोळवण्यावर भर दिला. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप पहिला ग्रेगरी याने यादीची फेररचना केली आणि तिच्यातूनच पुढे सात महापापे प्रचलित झाली. या स्थित्यंतरात मूळ भेद पुसट झाला, असे म्हणावे लागेल. कारण मनातून सरकून जाणारा विचार आणि कबूल करण्याजोगा अपराध एकाच नावाने ओळखले जाऊ लागले.

पूर्वेकडील परंपरेने तो भेद जपला. सातव्या शतकात सिनाई पर्वतावरील मठाधिपती योहान क्लिमाकस देवनिंदेच्या विचारांविषयी लिहितो, की त्यांच्याशी वाद घालू नये, त्यांची उपेक्षा करावी. अशा विचारांनी वीस वर्षे छळलेला एक संन्यासी आपली व्यथा कागदावर लिहून एका वृद्ध गुरूकडे गेला आणि तोंड वर करण्याचेही धैर्य न झाल्याने जमिनीवर पालथा पडून राहिला. कागद वाचून म्हातारा हसला, त्याला उठवले आणि आपल्या मानेवर हात ठेवायला सांगितला. हे पाप आजवर जितकी वर्षे होते आणि पुढे जितकी राहील, तितकी ते माझ्या मानेवर; तू फक्त यापुढे त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस, असे तो म्हणाला. खोलीतून बाहेर पडण्याआधीच आपली व्याधी गेली होती, असे त्या संन्याशाने नंतर क्लिमाकसला सांगितले.